प्रचलित वेतन : एका संज्ञेची पूर्वपीठिका

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परदेशी कामगारास कुशल कामावर नेमू इच्छिणाऱ्या मालकाला त्या कामाचे तेथील ‘प्रचलित वेतन’ किती आहे, हे प्रथम पाहावे लागते. त्यासाठी केंद्रीय कामगार खात्याने सर्वांना खुली अशी वेतनकोष्टके ठेवलेली आहेत. वर्ष, राज्य, काउंटी आणि व्यवसाय या चार गोष्टी निश्चित केल्या की त्या व्यवसायाचे त्या स्थळीचे आकडे चार पायऱ्यांत समोर येतात. शब्दकोश उघडून एखाद्या शब्दाचा अर्थ पाहावा, तितकेच हे कार्य वरकरणी सोपे दिसते.

तथापि कोशातील अर्थ आयता सापडलेला नसतो. कोशकाराने अनेक प्रयोगांतून तो निवडलेला असतो. वेतनकोष्टकातील आकड्याचेही तसेच आहे. अमुक व्यवसायाचे अमुक ठिकाणचे प्रचलित वेतन अमुक, या विधानात तीन संज्ञा गृहीत आहेत: व्यवसाय, स्थळ आणि प्रचलितत्व. या तिहींपैकी एकीचाही अर्थ स्वयंसिद्ध नाही. सुमारे सव्वाशे वर्षांच्या अवधीत कायदेमंडळे, न्यायालये, मालक, कामगारसंघ आणि सरकारी कचेऱ्या यांनी या संज्ञांवर वाद घातला, आणि प्रत्येक वादाअंती कोणाची तरी मजुरी वाढली वा घटली. त्या वादाचा इतिहास पाहिला म्हणजे कोष्टकातील आकडा हा निव्वळ मोजलेला नसून ठरविलेलाही असतो, हे ध्यानात येते.

२

संज्ञेच्या व्युत्पत्तीपासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. इंग्रजीत या वेतनास जे विशेषण लावतात, ते ‘प्रेव्हेलिंग’ होय. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘प्रॅव्हालेरे’ हे क्रियापद असून त्याचा मूळ अर्थ अधिक बलवान असणे, वरचढ ठरणे असा आहे. मराठी ‘प्रचलित’ हा शब्द ‘चल्’ धातूपासून सिद्ध झाला आहे. जे चालते, जे वहिवाटीत आहे ते प्रचलित. जुन्या मराठीत बाजारातील चालू भावाला ‘निरख’ हा फारसी शब्द रूढ होता, आणि वहिवाटीने ठरून गेलेल्या रीतीला ‘शिरस्ता’ म्हणत. म्हणजे मराठीत या कल्पनेला चालण्याचा व रूढीचा आधार आहे, तर इंग्रजीत बळाचा. पुढे जो इतिहास सांगावयाचा आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आढळतात. जे वेतन चालते ते चालते म्हणून मान्य करावे, की जे वरचढ ठरले तेच ‘चालते’ असे म्हणावे, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो.

कायद्यात ही कल्पना प्रथम अवतरली ती कॅन्सस राज्यात, १८९१ साली. सरकारी कामांवर आठ तासांचा दिवस लागू करणाऱ्या त्या कायद्याने, काम जेथे चालले असेल त्या स्थळी रोजंदारीचा जो दर चालू असेल त्याहून कमी दर देऊ नये, असेही बंधन घातले. सरकारी काम अल्पतम बोली करणाऱ्या कंत्राटदारास मिळते. बोली खाली आणण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे मजुरी खाली आणणे. आणि असे घडले तर सरकारच मजुरीच्या घसरणीचे निमित्त होते. हे टाळणे हा कायद्याचा हेतू होता. १९०३ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅन्ससचा कायदा वैध ठरविला. इतर काही राज्यांनीही त्याचे अनुकरण केले.

परंतु हेतू स्पष्ट असला तरी शब्द स्पष्ट होते असे नाही. ओक्लाहोमा राज्यात असाच कायदा होता आणि त्याचा भंग करणाऱ्यास दंड वा कैद अशी शिक्षा होती. तेथील पूल बांधणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीने या कायद्यास आव्हान दिले आणि १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अस्पष्टतेच्या कारणास्तव रद्द केला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलेला हा निर्णय अर्थविचाराच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. एकाच कामाला एकाच गावात कमी, मधले आणि अधिक असे अनेक दर दिले जातात. त्यांतील कोणता ‘चालू’ म्हणावयाचा? तसेच ‘स्थळ’ म्हणजे केवढा प्रदेश? कामाच्या जागेपासून दोन माणसे कोणत्याही दिशेने चालू लागली, तर एक स्थळ कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले याविषयी त्यांचे एकमत होणे अवघड, असा त्या निर्णयातील युक्तिवादाचा आशय आहे. ‘स्थळ’ऐवजी ‘शेजार’ म्हटले तरी अडचण सुटत नाही, कारण दोन्ही शब्द सारखेच लवचिक आहेत. ज्या शब्दाचा अर्थ सामान्य बुद्धीच्या माणसाला अंदाजानेच करावा लागतो, त्या शब्दाच्या आधारे त्याला तुरुंगात पाठविता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार होय.

३

या निर्णयाने प्रश्न मिटला नाही. तो केवळ दुसरीकडे वळला. १९२७ साली न्यूयॉर्कचे प्रतिनिधी रॉबर्ट बेकन यांनी केंद्रीय कायदेमंडळात एक विधेयक मांडले. त्यांच्या लाँग आयलंड येथील मतदारसंघात माजी सैनिकांसाठी इस्पितळ बांधले जात होते आणि ते काम मिळालेल्या अलाबामाच्या कंत्राटदाराने दक्षिणेतून स्वस्त मजूर आणले होते. ते मजूर मुख्यतः कृष्णवर्णीय होते. ते परदेशी नव्हते, त्याच देशाचे नागरिक होते. तरीही चर्चेत त्यांचे वर्णन बाहेरून आयात केलेले मजूर असे होत राहिले. स्थानिक मजुरीचे रक्षण आणि बाहेरच्या माणसाविषयीचा वर्णग्रस्त आकस या दोन भावना या कायद्याच्या जन्मकाळी एकत्र होत्या, आणि पुढील काळातील टीकाकारांनी याकडे वारंवार बोट दाखविले आहे. परदेशी कामगारांविषयीच्या पुढील सर्व चर्चेची छाया येथे आधीच पडलेली दिसते.

३ मार्च १९३१ रोजी अध्यक्ष हूवर यांच्या स्वाक्षरीने डेव्हिस-बेकन कायदा अस्तित्वात आला. ‘स्थळ’ शब्दाची अडचण ध्यानी घेऊन त्यात शहर, नगर, खेडे वा राज्याचा अन्य नागरी विभाग अशी शासकीय सीमांची भाषा योजिली गेली. प्रारंभी वाद उत्पन्न झाल्यानंतर कामगारमंत्र्याने निर्णय द्यावा, अशी तरतूद होती. काम सुरू झाल्यावर वेतनाचा निर्णय होणे मालक व मजूर या दोघांनाही गैरसोयीचे ठरले. म्हणून १९३५ च्या दुरुस्तीने, बोली मागविण्यापूर्वीच कामगार खात्याने वेतन निश्चित करून जाहिरातीत नमूद करावे, असे ठरले. प्रचलित वेतन ही न्यायालयात सिद्ध करावयाची गोष्ट न राहता कागदावर आधीच छापलेली गोष्ट झाली, ती येथे. आजच्या कोष्टकाचे मूळ या दुरुस्तीत आहे.

आता ‘प्रचलित’ कशास म्हणावे याचे गणित ठरविणे भाग होते. १९३५ पासूनचा नियम असा होता की, बहुसंख्य कामगारांना एकच दर मिळत असेल तर तो प्रचलित. तसे नसल्यास, निदान ३० टक्के कामगारांना मिळणारा सर्वाधिक संख्येचा दर प्रचलित. तोही नसल्यास सरासरी. या नियमाचा परिणाम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका गावी दहा गवंडी आहेत. त्यांतील तिघांना कामगारसंघाच्या कराराप्रमाणे ताशी १२ डॉलर मिळतात; उरलेल्या सातांना अनुक्रमे ५, ६, ७, ८, ९, १० आणि ११ डॉलर मिळतात. तीस टक्क्यांच्या नियमाने प्रचलित वेतन १२ डॉलर ठरते. सरासरी काढली तर ९ डॉलर २० सेंट. आणि मध्यक पाहिला तर साडेनऊ डॉलर. गवंडी तेच, गाव तेच, मजुरीही तीच. केवळ व्याख्या बदलली. कराराचा दर सर्वांना सारखा असल्याने तीस टक्क्यांचा नियम कामगारसंघांना अनुकूल होता, आणि म्हणूनच १९८० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी, अध्यक्ष रेगन यांच्या राजवटीत, तो काढून टाकण्यात आला. २०२३ साली तो पुनः आणला गेला. एकाच विशेषणाचा अर्थ चाळीस वर्षांत दोनदा पालटला, आणि दोन्ही वेळी तो पालटण्याचे कारण राज्यकर्त्यांतील बदल हे होते.

४

स्थळ आणि प्रचलितत्व यांच्याइतकाच अवघड प्रश्न ‘व्यवसाय’ या संज्ञेचा. एकाच कामाला निरनिराळ्या गावी निरनिराळी नावे असतात, आणि एकाच नावाखाली निरनिराळी कामे चालतात. १९३३ च्या वॅग्नर-पायझर कायद्याने राष्ट्रव्यापी सरकारी रोजगारसेवा उभी राहिली, तेव्हा मागणी करणारा मालक आणि काम शोधणारा मजूर यांची गाठ घालण्यासाठी कामांच्या नावांचा एक समान संग्रह असणे अगत्याचे झाले. त्यातून १९३९ साली व्यवसायनामांचा कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे साडेसतरा हजार कामांच्या व्याख्या वर्णानुक्रमाने दिल्या होत्या. हा खऱ्या अर्थाने कोश होता: शब्द, त्याचा अर्थ आणि त्याचे पर्याय. पुढे १९४९, १९६५ व १९७७ साली त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

कोणत्याही कोशाप्रमाणे या कोशालाही दोन मर्यादा होत्या. भाषा पुढे जाते आणि कोश मागे राहतो. नव्या यंत्रांबरोबर आलेली कामे त्यात उशिरा शिरली. दुसरे असे की, अतिसूक्ष्म भेद करणारा संग्रह संख्याशास्त्राच्या उपयोगी पडत नाही. एकेका नावाखाली पुरेशी माणसे सापडल्याखेरीज त्यांच्या वेतनाची सरासरी काढता येत नाही. म्हणून १९७७ पासून सर्व सरकारी गणनांसाठी एक प्रमाण व्यवसायवर्गीकरण रूढ करण्याचा प्रयत्न झाला. त्याची मुख्य पुनर्रचना २००० साली झाली, तर नंतरची संस्करणे २०१० व २०१८ ची आहेत. यात कोशाच्या हजारो नोंदींच्या जागी काही शेकडा वर्ग आले. गणना सुकर झाली, परंतु एकेका वर्गात नवशिका आणि निष्णात, साधे काम आणि बिकट काम एकत्र आले. ‘संगणकप्रणालीकार’ वा ‘अभियंता’ या एका नावाखाली कोण कोण मोडते, या प्रश्नावर पुढे परदेशी कामगारांचे वेतन अवलंबून राहिले.

५

परदेशी कामगारांच्या संदर्भात प्रचलित वेतनाची पहिली मोठी कसोटी लागली ती शेतात. दुसऱ्या महायुद्धात मजुरांची चणचण भासू लागली, तेव्हा ४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको या दोन सरकारांत करार झाला आणि मेक्सिकन शेतमजूर हंगामी कामासाठी आणले जाऊ लागले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत; ‘ब्रासो’ म्हणजे बाहू, तेव्हा अर्थ झाला बाहूंनी काम करणारा. त्या प्रदेशात तशाच कामासाठी स्थानिक मजुरास जे प्रचलित वेतन मिळते तेच या मजुरास द्यावे, आणि ते कोणत्याही परिस्थितीत ताशी ३० सेंटांहून कमी असू नये, अशी कराराची अट होती. १९५१ साली या योजनेला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला आणि १९६४ च्या अखेरीस ती बंद झाली. या बावीस वर्षांत ४५ लाखांहून अधिक मजूरकरार झाले. अर्थात एकच माणूस अनेकदा येत असल्याने माणसांची संख्या त्याहून कमी होती.

अट न्याय्य होती. परंतु तिची अंमलबजावणी कशी झाली, हे एर्नेस्टो गालार्सा यांनी तपशिलाने दाखविले. मेक्सिकोत जन्मलेले, बालपणी अमेरिकेत आलेले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केलेले गालार्सा शेतमजुरांचे संघटक होते. १९५६ साली त्यांनी ब्रासेरोंच्या स्थितीवर एक अहवाल प्रसिद्ध केला आणि १९६४ साली ‘मर्चंट्स ऑफ लेबर’ हा ग्रंथ. त्यांच्या विवेचनानुसार, हंगामापूर्वी बागायतदारांचे संघ एकत्र बसून आपण कोणता दर देणार हे ठरवीत, आणि तोच दर पुढे प्रचलित म्हणून मान्य होई. त्या दराने स्थानिक मजूर मिळेनासे झाले की ‘मजूर नाहीत’ हे सिद्ध होई, आणि परदेशी मजूर आणण्याचा मार्ग मोकळा होई. जेथे बहुतेक मजूर ब्रासेरोच आहेत, तेथे ‘स्थानिक मजुराचे प्रचलित वेतन’ या शब्दसंहतीला वास्तवात काही आधारच उरत नाही. जे चालते ते मोजावयाचे होते. प्रत्यक्षात जे ठरविले तेच चालते असे नोंदले गेले. लॅटिन क्रियापदातील बळाचा अर्थ येथे पूर्णपणे प्रकट झाला असे म्हणता येईल.

या अनुभवातून एक वेगळी संज्ञा पुढे आली: ‘प्रतिकूल परिणाम’. परदेशी मजूर आल्याने वेतन आधीच दबले असेल, तर दबलेले वेतन मोजून ते प्रमाण मानणे व्यर्थ आहे; म्हणून तो दबाव नसता तर जे वेतन असते त्याच्याजवळ जाणारा किमान दर सरकारने स्वतंत्रपणे ठरवावा, हा विचार साठीच्या दशकाच्या प्रारंभी शेतमजुरांच्या बाबतीत अमलात येऊ लागला.

६

स्थलांतराच्या सर्वसाधारण कायद्यातही याच सुमारास एक लक्षणीय बदल झाला. १९५२ च्या कायद्यानुसार, परदेशी कामगाराच्या येण्याने स्थानिक वेतनावर प्रतिकूल परिणाम होईल असे कामगारमंत्र्याने जाहीर केले, तर त्यास प्रवेश नाकारता येई. १९६५ च्या कायद्याने वाक्यरचनाच फिरविली: असा परिणाम होणार नाही असे कामगारमंत्र्याने प्रमाणित केल्याखेरीज रोजगारासाठी येणाऱ्यास प्रवेश नाही. ‘जर’च्या जागी ‘खेरीज’ आले. व्याकरणाच्या दृष्टीने हा एका अव्ययाचा फरक; व्यवहारात मात्र सिद्धतेचा सारा भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला. पूर्वी सरकारला मुद्दाम मनाई करावी लागे, आता प्रत्येक मालकाला मुद्दाम अनुमती मिळवावी लागू लागली. आणि प्रतिकूल परिणाम होणार नाही हे दाखविण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रचलित वेतन देण्याची हमी. अशा रीतीने, मुळात सरकारी बांधकामासाठी निघालेली कल्पना परदेशी माणसाच्या प्रवेशाची एक किल्ली बनली.

१९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ हा तात्पुरत्या कुशल कामगारांचा वर्ग निर्माण केला आणि प्रतिवर्षी ६५,००० ही मर्यादा घातली. मालक आपल्या इतर तत्सम कामगारांना प्रत्यक्ष देत असलेले वेतन आणि त्या स्थळीचे प्रचलित वेतन, यांपैकी जे अधिक ते परदेशी कामगारास द्यावे, असे त्यात सांगितले. तसेच वेतनाच्या हमीची सूचना कामाच्या ठिकाणी लावणे आवश्यक ठरले, म्हणजे शेजारी बसणाऱ्या स्थानिक कामगारालाही ती वाचता यावी. ‘स्थळ’ या जुन्या लवचिक शब्दाला आता वेगळा अर्थ मिळाला: कामाच्या जागेपासून रोज ये-जा करण्याजोगे अंतर. १९२६ च्या न्यायालयाला जी सीमा सापडली नव्हती, ती सकाळी घरून निघून संध्याकाळी परतणाऱ्या नोकरदाराच्या वाटेने आखली गेली.

सुरुवातीला राज्यांच्या रोजगारकचेऱ्या स्थानिक पाहण्या करून दर सांगत. १९९८ पासून केंद्रीय श्रमसांख्यिकी विभागाची राष्ट्रव्यापी व्यवसाय-वेतन-पाहणी आधार म्हणून घेण्यात आली. प्रारंभी तिच्यातून प्रत्येक व्यवसायाच्या दोनच पायऱ्या काढीत: नवशिक्याची आणि अनुभवी माणसाची. २००४ च्या कायद्याने चार पायऱ्या असाव्यात असे सांगितले, आणि दोनांच्या चार करण्याची रीतही कायद्यातच घालून दिली. दोन टोकांतील अंतराचे तीन भाग करावेत. एक भाग खालच्या टोकात मिळवावा, म्हणजे दुसरी पायरी. एक भाग वरच्या टोकातून वजा करावा, म्हणजे तिसरी. खालचे टोक ताशी ३० डॉलर आणि वरचे ६० डॉलर असे धरल्यास मधल्या पायऱ्या ४० व ५० डॉलरच्या होतात. या पायऱ्यांवर कोणी प्रत्यक्ष माणसे मोजलेली नसतात; त्या भागाकाराने निर्माण झालेल्या असतात. कोणते काम कोणत्या पायरीचे, हे अनुभव, शिक्षण, विशेष कौशल्य आणि देखरेखीची जबाबदारी यांना गुण देऊन ठरविण्याची पद्धत खात्याने घालून दिली. २०१० पासून वेतननिश्चितीचे काम राज्यांकडून काढून एका राष्ट्रीय केंद्राकडे सोपविण्यात आले.

या रचनेत पहिली पायरी वेतनश्रेणीच्या सुमारे सतराव्या शतमकावर आणि दुसरी सुमारे चौतिसाव्या शतमकावर येत असे. मध्यक तिसऱ्या पायरीजवळ असे. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्यांचे ‘प्रचलित वेतन’ त्या व्यवसायातील निम्म्याहून अधिक माणसांच्या वेतनापेक्षा कमी असू शके. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०१९ या आर्थिक वर्षी प्रमाणित झालेल्या एच-१बी जागांपैकी सुमारे ६० टक्के जागा या दोन पायऱ्यांच्या होत्या, असे दाखविले आहे. याच्या उलट बाजूने असे म्हटले जाते की, विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला पदवीधर अनुभवी माणसाच्या बरोबरीचे वेतन मागू शकत नाही, आणि पायऱ्या खोडून टाकल्या तर त्याला दारच बंद होईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आणि म्हणूनच पायरीची सीमा कोठे आखावी हा संख्याशास्त्राचा नव्हे, तर न्यायाचा प्रश्न ठरतो.

ऑक्टोबर २०२० मध्ये कामगार खात्याने या पायऱ्या एकाएकी ४५, ६२, ७८ आणि ९५ व्या शतमकांवर चढविल्या. लोकांना मत मांडण्याची संधी न देता हा नियम लागू केल्यामुळे न्यायालयांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो रद्द ठरविला. जानेवारी २०२१ मध्ये किंचित सौम्य असा दुसरा नियम निघाला. तोही अमलात येण्यापूर्वीच जून २०२१ मध्ये रद्दबातल झाला. ज्या दिवशी नवे आकडे आले त्या दिवशी कोणाही मालकाने कोणाही कामगाराचे वेतन वाढविलेले नव्हते. तरीही ‘प्रचलित वेतन’ एका रात्रीत वाढले होते, आणि न्यायनिर्णयाबरोबर ते तसेच एका रात्रीत उतरले.

७

हा इतिहास मराठी वाचकाला दूरचा वाटू नये. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतात जन्मलेल्यांचे असतात, आणि त्यांत पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून गेलेल्या तरुणांचाही भाग आहे. त्यांतील एखाद्याच्या अर्जावर व्यवसायाचा संकेतांक, काउंटीचे नाव आणि पायरीचा क्रमांक अशा तीन नोंदी असतात. त्या तीन नोंदींमागे कॅन्ससचे बिगारी, ओक्लाहोमाचे पूल, अलाबामाचे कृष्णवर्णीय मजूर आणि कॅलिफोर्नियाच्या शेतांतील ब्रासेरो उभे आहेत, याची जाणीव त्या तरुणाला सहसा नसते.

कोष्टक निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. ज्या काळी ‘चालू दर’ म्हणजे काय हे कोणालाच सांगता येत नव्हते, त्या काळी मजुराच्या हाती तक्रारीला आधार असा एकही आकडा नव्हता. छापलेला, सर्वांना पाहता येणारा आकडा ही त्याची मोठी मिळकत आहे. परक्या देशी गेलेल्या माणसाला आपले वेतन कमी आहे हे निदान पडताळून पाहता येते. परंतु आकडा स्पष्ट झाला की त्यामागचा वाद अदृश्य होतो. कोणता व्यवसाय, केवढे स्थळ आणि किती जणांना मिळाले म्हणजे प्रचलित, हे प्रश्न मिटत नाहीत. ते कोष्टकाच्या रकान्यांच्या मथळ्यांत जाऊन बसतात. कोश पाहणाराने अर्थ घ्यावा आणि कोशकाराचा विवेकही तपासावा, हा अभ्यासाचा जुना नियम आहे. वेतनाचे कोष्टक पाहणारानेही त्याच नियमाने वागणे इष्ट होय. कारण तेथे शब्दाच्या चुकीच्या अर्थाची किंमत वाचक देत नाही, ती कोणीतरी मजूर आपल्या रोजच्या मजुरीतून देतो.